उकाड्यातली सायकल: ठाणे-नवी मुंबईच्या नव्या सायकलस्वारांसाठी

ऊन वेगळं, उकाडा वेगळा. ठाण्या-नवी मुंबईत राहणाऱ्या कुणालाही हे सांगावं लागत नाही, पण सायकलवर बसलं की नेमकं हेच विसरायला होतं. मोबाइलवर ३४ अंश दिसतात आणि वाटतं, विदर्भात ४४ असतानाही लोक कामाला जातात, मग ३४ चं काय एवढं?

माझा मावसभाऊ अकोल्याचा. तिकडच्या उन्हात रोज पंधरा-वीस किलोमीटर सायकल चालवणारा, काटक माणूस. एका एप्रिलमध्ये तो नेरुळला आमच्याकडे आला आणि मी मोठ्या कौतुकाने त्याला पाम बीच रोड दाखवायला नेलं. निघायला उशीर झाला, साडेआठ वाजून गेले होते. वाशीहून बेलापूरच्या दिशेने निघालो. रस्ता सपाट, मंद वारा पाठीशी, दोघंही मजेत. सीवूड्सच्या आसपास माझ्या लक्षात आलं की बराच वेळ दादा काही बोललेला नाही. सिग्नलला थांबलो तेव्हा त्याच्या हातांकडे बघितलं. कोपरापासून मनगटापर्यंत काटा आला होता. घामाच्या धारा लागलेल्या आणि त्यावर काटा. "थंडी वाजून राहिली मले," तो म्हणाला. शब्दही जरा जड येत होते. कडेच्या झाडाखाली त्याला बसवलं, हेल्मेट काढलं, दोन्ही बाटल्या त्याच्या डोक्यावर आणि मानेवर रिकाम्या केल्या आणि नॅपकिनने वारा घालत राहिले. नीट एक अख्खं वाक्य बोलायला त्याला वीस मिनिटं लागली.

त्या सकाळी काय झालं ते समजलं, की पुढच्या सगळ्या सूचना आपोआप पटतात. पायांनी जी ताकद आपण लावतो, तिचा जेमतेम चौथा हिस्सा चाकं फिरवायला लागतो. बाकीची उष्णता होऊन अंगातच राहते. ती बाहेर टाकायला शरीराकडे मुख्य साधन एकच, घाम. पण घाम आला म्हणजे अंग थंड झालं असं नाही. घाम अंगावरून उडून गेला तरच तो उष्णता घेऊन जातो. एक लिटर घामाची वाफ झाली तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता जाते. तोच घाम हनुवटीवरून हँडलवर ठिबकला तर पाणी आणि मीठ तेवढं गेलं, थंडावा काहीच मिळाला नाही. अकोल्याच्या कोरड्या हवेत दादाचा घाम दिसायच्या आत वाळतो. आमच्याकडे खाडीकाठी हवाच पाण्याने भरलेली, घाम वाळणार कुठे? ३४ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर अंगाला साधारण ४२ अंशांसारखं भासतं. त्यात वारा पाठीशी होता. वाऱ्याच्याच वेगाने, वाऱ्याच्याच दिशेने आपण चाललो की अंगाला वारा लागतच नाही. चालवायला सोपं जातं म्हणून आपण खूश असतो आणि अंग मात्र तापत जातं.

म्हणून थर्मामीटरच्या आकड्याआधी एक प्रश्न विचारायची सवय लावा: माझा घाम वाळतोय का?

१. पहिले चौदा दिवस

शरीर उकाड्याला सरावतं, पण त्याला दहा ते चौदा दिवस द्यावे लागतात. या दिवसांत घाम लवकर सुटायला लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, आणि आधी ज्या वेगाला छाती धडधडत होती त्याच वेगाला ती शांत राहते.

पहिले तीन-चार दिवस फक्त २० ते ३० मिनिटं, सपाट रस्त्यावर. आठवडा संपेपर्यंत ४० मिनिटं. दुसऱ्या आठवड्यात तासाभरापर्यंत जा. वेगाचं माप सोपं आहे: चालवता चालवता शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर गिअर हलका करा. पहिल्या आठवड्यात चढ नकोच.

हा सराव रोज किंवा निदान एक दिवसाआड चालवल्यानेच होतो. आठवडाभर एसीत बसून फक्त रविवारी पन्नास किलोमीटर मारणाऱ्यांची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. त्यांच्या पायांत ताकद असते, पण अंगाला उकाड्याची सवय नसते. ताकदीच्या जोरावर ते जिथे थांबायला हवं त्याच्या खूप पुढे निघून जातात.

रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील (विशेषतः लघवी वाढवणाऱ्या), मधुमेह किंवा हृदयविकार असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. सर्दीच्या, ॲलर्जीच्या काही गोळ्यांनीही घाम कमी होतो. ताप किंवा जुलाब होऊन गेले असतील तर बरं वाटल्यावरही दोन-तीन दिवस सायकलला हात लावू नका. आदल्या रात्री दारू झाली असेल किंवा झोप झाली नसेल तर ती सकाळ सोडून द्या.

२. घड्याळ

दिवसातलं सगळ्यात कमी तापमान सूर्योदयाच्या आसपास असतं. एप्रिलच्या मध्यात आपल्याकडे सूर्य साधारण सहा-वीसला उगवतो, मेच्या मध्यात सहाच्या सुमारास. म्हणजे साडेपाचला घराबाहेर आणि साडेसात, फार तर आठला घरात, हे उन्हाळ्याचं वेळापत्रक. पहाटे आर्द्रता जास्त असते हे खरं, पण डोक्यावर ऊन नसतं, डांबर रात्रभरात थंड झालेलं असतं आणि रस्त्यावर गाड्या कमी असतात. या तिन्हींमुळे पहाटेचंच पारडं जड. अंधारात निघताना पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हवाच. नवीन असाल, त्यातही एकट्या बाईमाणसाने, पहिले काही दिवस कुणाला तरी सोबत घ्या. शहर त्या वेळी खूप रिकामं असतं.

संध्याकाळी निघणाऱ्यांनी सूर्य मावळेपर्यंत थांबावं. हवा उतरलेली वाटते, पण दिवसभर तापलेलं डांबर आणि काँक्रीट रात्री उशिरापर्यंत खालून भाजत असतं. नवी मुंबईत संध्याकाळी खाडीवरून वारा सुटतो, त्याचा उपयोग होतो. ठाणेकरांचं नशीब जरा वेगळं. समुद्र आणि ठाणे यांच्यामध्ये राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर उभे आहेत, त्यामुळे समुद्रावरचा वारा ठाण्यात उशिरा आणि दमून पोहोचतो. कुलाब्याचं तापमान बघून ठाण्यात सायकल काढू नका.

आदल्या रात्री हवामान खात्याचा अंदाज बघायचा, आणि त्यात कमाल तापमानाबरोबर आर्द्रता आणि किमान तापमानही बघायचं. किनारपट्टीवर कमाल तापमान किमान ३७ अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असेल तर खातं उष्णतेची लाट मानतं. असा इशारा असेल त्या दिवशी सायकल नको, पहाटेही नको. माझा स्वतःचा आणखी एक नियम आहे. किमान तापमान २८ च्या वर असेल तर फेरी अर्ध्यावर आणते, कारण अशा रात्री अंगाला थंड व्हायला वेळच मिळालेला नसतो.

३. रस्ता कोणता

नवीन माणसाने उन्हाळ्यात लांब जाऊन परत येण्यापेक्षा घराभोवती फेऱ्या माराव्यात. तीन-चार किलोमीटरची एक फेरी ठरवा आणि तिच्या चार फेऱ्या करा. कुठल्याही क्षणी बरं वाटेनासं झालं तरी घर दहा मिनिटांवर असतं. लांब गेलेल्या माणसाला त्रास सुरू होतो तोवर तेवढंच अंतर परत यायचं बाकी असतं, आणि तेही चढत्या उन्हात.

पाम बीच रोडचं आकर्षण सगळ्यांना असतं. वाशी ते बेलापूर जवळपास दहा किलोमीटर, एका बाजूला खाडी आणि कांदळवन. हिवाळ्यापासून मेपर्यंत सीवूड्सच्या डीपीएस तलावात फ्लेमिंगो उतरलेले दिसतात तेव्हा तर पाय निघत नाही. पण या रस्त्याला सावली जवळजवळ नाही, मध्ये दुकान किंवा टपरी सहज सापडत नाही आणि गाड्या फार जोरात जातात. इथे पहाटेच या, डाव्या कडेने, दोघा-तिघांनी मिळून, आणि सातनंतर आतल्या रस्त्यांना वळा. नेरुळ, सानपाडा, वाशीच्या जुन्या सेक्टरांमधले रस्ते उन्हाळ्यात खरे कामाचे. पर्जन्यवृक्षांची दोन्ही बाजूंनी मिळालेली छत्री, मध्येच सोनमोहराचा पिवळा सडा. वेग मिळत नाही, पण सुरुवातीला वेग कुणाला हवाय?

ठाण्यात पहाटे तलावपाळी किंवा उपवन तलावाचा परिसर सुरुवातीला उत्तम. येऊरबद्दल मात्र एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. जंगल म्हणजे सावली असं गृहीत धरून लोक मार्च-एप्रिलमध्ये येऊरला जातात. हे पानझडीचं जंगल आहे. साग तेव्हा निष्पर्ण असतो, फांद्यांमधून ऊन थेट रस्त्यावर उतरतं. शिवाय चढ. चढावर वेग ताशी सात-आठ किलोमीटरवर येतो, अंगाला वारा लागत नाही आणि कष्ट मात्र दुप्पट होतात. घाम वाळणं बंद होण्यासाठी याहून योग्य जागा नाही. बेलापूरच्या पारसिक हिलचा चढही याच जातीचा. चढ करायचेच असतील तर दोन आठवड्यांचा सराव झाल्यावर आणि ऊन वर यायच्या आत.

घोडबंदर रोड आणि ठाणे-बेलापूर रोडवर अवजड गाड्यांची गर्दी असते. सिग्नलला ट्रकच्या मागे किंवा बाजूला उभं राहिलं की इंजिनाची झळ थेट पायांवर येते. तिथे थांबायच्या रेषेपर्यंत घुसायची घाई करू नका. पंचवीस-तीस फूट अलीकडे झाडाची सावली असेल तर तिथेच थांबा. हिरवा झाला की तिथून निघालात तरी पोहोचालच.

रस्ता ठरवताना पाण्याच्या जागा हेरून ठेवा: पाणपोया, लवकर उघडणाऱ्या टपऱ्या, पेट्रोल पंप. पंपावर पिण्याचं पाणी आणि टायरची हवा फुकट मिळणं हा ग्राहकाचा हक्क आहे, मागायला संकोच करू नका. आणि परतीची सोय म्हणून खिशात दोनशे-तीनशे रुपये असू द्या. पुढचं चाक काढलं की सायकल रिक्षात मावते, रिक्षावाल्याला नीट विनंती केली तर बहुतेक जण घेतात. मी दोनदा अशी घरी आले आहे.

४. पाणी, मीठ आणि बाटल्या

तहान लागेपर्यंत थांबू नये आणि पोट डबडबेपर्यंत पिऊही नये. दर १५-२० मिनिटांनी चार-पाच मोठे घोट, म्हणजे तासाला अर्धा ते पाऊण लिटर, हा बहुतेकांसाठी ठीक अंदाज. पण प्रत्येकाचा घाम वेगळा, म्हणून एकदा स्वतःचं माप काढाच. निघण्याआधी लघवीला जाऊन, कमीत कमी कपड्यांत वजन करा. तासभर चालवून आल्यावर अंग पुसून पुन्हा करा. समजा ६२ किलोचे ६१.२ झाले आणि वाटेत अर्धा लिटर पाणी प्यायलात. म्हणजे घाम गेला १.३ लिटर. ६२ किलोच्या माणसाची घट १.२ किलोच्या पुढे, म्हणजे वजनाच्या दोन टक्क्यांच्या पुढे जाऊ नये. इथे ती ०.८ आहे, ठीक आहे. पण हाच माणूस याच बेताने दोन तास चालवेल तर सीमा ओलांडेल. या साध्या गणिताने मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्या महागड्या घड्याळाने शिकवलं नाही.

फेरीनंतर वजन वाढलेलं दिसलं तर ते चांगलं लक्षण समजू नका. गरजेपेक्षा जास्त साधं पाणी प्यायल्याने रक्तातलं मीठ पातळ होतं. डोकं दुखणं, मळमळ, बोटं सुजणं इथून सुरू होऊन ते जिवावर बेतू शकतं.

तासाभराच्या आत परतणार असाल तर साधं पाणी पुरतं. त्याच्या पुढे मीठ हवं. काळ्या टी-शर्टवर पाठीला किंवा हेल्मेटच्या पट्ट्यावर पांढऱ्या रेघा उमटत असतील तर तुमच्या घामातून मीठ जास्त जातंय, तुम्हाला आधीपासूनच हवं. ओआरएस हा सगळ्यात स्वस्त आणि भरवशाचा उपाय. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र असल्याचं लिहिलेलं बघून घ्या, आणि किती पाण्यासाठी आहे तेही. मोठं पाकीट एक लिटरसाठी असतं. ते ७५० मिलीच्या बाटलीत अख्खं ओतायची चूक नवीन लोक हमखास करतात. दाट मिश्रणाने तहान भागत नाही, पोट मात्र बिघडतं. कालवलेलं ओआरएस २४ तासांत संपवा, उरलं तर ओतून द्या. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. मीठ अंदाजपंचे नको.

आपल्या घरातही भरपूर काही आहे. कोकम सरबत मीठ-जिरं घालून पातळ केलेलं, लिंबू सरबत, ताक, कैरीचं पन्हं. हे सगळं फेरीनंतर. ताक बाटलीत भरून उन्हातून हिंडवू नका, ते फसफसतं. शहाळं छान, पण त्यात पोटॅशियम जास्त आणि सोडियम कमी, त्यामुळे सोबत चिमूटभर मीठ किंवा काहीतरी खारं खा. एप्रिल-मेमध्ये रस्त्याकडेला ताडगोळे घेऊन बसलेल्या मावश्या दिसल्या की मी सायकल थांबवतेच. उसाच्या रसातल्या बर्फाची मात्र खात्री नसते, फेरीच्या मध्ये तो नको.

गार बाटलीची पद्धत अशी. रात्री बाटलीत एक तृतीयांश पाणी भरा आणि ती फ्रीझरमध्ये आडवी, जरा तिरकी ठेवा, म्हणजे बर्फ एका बाजूला धरतो आणि तोंड मोकळं राहतं. सकाळी वरून साधं पाणी भरा. बाहेरून सुती नॅपकिन ओला करून घट्ट गुंडाळा आणि रबर लावा. चालवताना वारा लागून नॅपकिन सुकत जातो आणि आतलं पाणी गार ठेवतो, माठासारखंच. थांबल्यावर तोच नॅपकिन मानेवर ठेवायला मिळतो. बाटल्या दोन न्या: एक गार पाण्याची, दुसरी ओआरएसची. साध्या पाण्याचीच अंगावर ओतायची, साखर-मिठाचं पाणी केसांत गेलं की दिवसभर चिकचिक.

५. अंगावर काय घालायचं

फिका रंग, पातळ कापड, जरा सैल. सुती कपडा दिवसभर वापरायला उत्तम असला तरी आपल्या दमट हवेत अर्ध्या तासात तो घामाने जड होतो आणि अंगाला चिकटून बसतो. धावण्यासाठी मिळतात ते पातळ, जाळीदार टी-शर्ट घ्या, दोनशे-तीनशे रुपयांतलाही चालतो. सातनंतर ऊन अंगावर येणार असेल तर पांढऱ्या बाह्या चढवा. हातांवर ऊन थेट पडण्यापेक्षा पातळ कापड बरं.

हेल्मेट गरम होतं म्हणून ते घरी ठेवणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, तसं करू नका. भरपूर भोकं असलेलं हेल्मेट घ्या, चालत्या सायकलवर त्यातून वारा खेळतो. खाली पातळ सुती रुमाल ओला करून बांधला तर डोळ्यांत घामही उतरत नाही. सनस्क्रीन निघण्याआधी वीस मिनिटं लावा, किमान एसपीएफ ३० चं. कपाळावर थापू नका, घामाबरोबर डोळ्यांत जाऊन झोंबतं आणि उतारावर डोळे मिटावे लागतात. मानेची मागची बाजू आणि कानांच्या पाळ्या विसरतात बहुतेक जण.

पाठीवरची बॅग या दिवसांत काढून टाका. पाठ हा घाम वाळायचा सगळ्यात मोठा पडदा आहे आणि बॅग तो पूर्ण झाकते. सामान कॅरिअरवर बांधा.

बोलायला लोक लाजतात अशी एक गोष्ट. गादीच्या सायकलिंग शॉर्टखाली आतले कपडे घालायचे नसतात. शिवणी घामाने घासतात आणि मांड्या सोलवटतात. जांघेत निघण्याआधी व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल लावा.

६. सायकल

फार काही नाही. ६० पीएसआय हवा भरलेलं टायर भर उन्हात उभं राहिलं तर दाब सहा-सात पीएसआयने वाढतो. चांगल्या टायरला त्याने काही होत नाही, पण कडांना भेगा पडलेलं जुनं टायर किंवा डिंकावर चिकटवलेलं ठिगळ तिथेच दगा देतं. म्हणून उन्हाळ्याच्या सुरुवातीला टायर बोटांनी दाबून भेगा बघा, सायकल सावलीत लावा आणि एक जादा ट्यूब सोबत ठेवा. पंक्चरवाला सकाळी सहाला उघडत नाही. ट्यूब बदलायचा सराव घरी पंख्याखाली करून ठेवा. ऊन चढत असताना रस्त्याकडेला पहिल्यांदा ते शिकायला लागणं फार त्रासाचं आहे. मोबाइल हँडलवर उन्हात लावला तर तापून बंद पडू शकतो, आणि मदतीसाठी फोन करायची वेळ नेमकी तेव्हाच येते. तो खिशात बरा.

७. थांबायचं कधी

हा भाग घरच्यांनाही वाचायला द्या.

पहिल्या इशाऱ्यांत पोटरीला गोळे येतात, डोकं ठणकतं, मळमळतं, चिडचिड होते, सोप्या रस्त्यावरही दम लागतो. घामाने ओल्या अंगावर काटा येणं हा पुढचा इशारा, दादाला आला होता तो. इथे "अजून दोनच किलोमीटर" म्हणायचं नाही. उतरा, सावलीत बसा, हेल्मेट-बूट काढा, डोकं-मान-हात भिजवा, वारा घ्या, ओआरएसचे लहान घोट घ्या. अर्ध्या तासात पूर्ण बरं वाटलं तरी त्या दिवशी सायकल पुन्हा चालवायची नाही. रिक्षा करा.

उष्माघात वेगळा. त्याची खूण डोक्यात दिसते: माणूस असंबद्ध बोलतो, पत्ता सांगता येत नाही, झोकांड्या जातो, उगाच भांडतो, कोसळतो किंवा झटके येतात. शरीराचं आतलं तापमान तेव्हा ४० अंशांच्या वर गेलेलं असतं. उष्माघातात घाम थांबतो असं सगळीकडे ऐकायला मिळतं. कष्ट करताना झालेल्या उष्माघातात अंग घामाने निथळत असू शकतं. घाम आहे म्हणून धीर धरू नका.

अशा वेळी १०८ ला फोन लावा आणि त्याच क्षणी अंग थंड करायला सुरुवात करा, रुग्णवाहिकेची वाट बघत बसू नका. सावलीत आडवं करा, जास्तीचे कपडे काढा, मिळेल ते पाणी अंगभर ओता आणि ओल्या अंगाला जोरजोरात वारा घाला. जवळच्या टपरीतून, मासेवाल्याकडून, रसवंतीतून बर्फ मागा आणि कापडात गुंडाळून मान, काखा आणि जांघेत ठेवा. पहिल्या अर्ध्या तासात तापमान किती उतरतं यावर जीव अवलंबून असतो. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, श्वासनलिकेत जाईल. कुशीवर वळवून ठेवा. तापाची गोळी इथे काम करत नाही.

मी हे इतकं ठासून लिहितेय त्याला कारण आहे. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मोकळ्या मैदानात भर दुपारी झालेल्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ माणसं गेली. ती माणसं काही कष्ट करत नव्हती, उन्हात बसली होती. त्या मैदानाजवळून जाताना आजही मला ते आठवतं. आपल्या हवेत उष्माघात होत नाही असं कुणी म्हटलं तर मी त्याला ती तारीख सांगते.

८. घरी आल्यावर

एकदम थांबू नका. शेवटची पाच मिनिटं अगदी सावकाश चालवा, वारा लागू द्या. घरी आल्याबरोबर एसीपुढे उभं राहण्याआधी अंग पुसा, ओले कपडे बदला, थोड्या वेळाने साध्या पाण्याने अंघोळ करा. घामाच्या कपड्यांत तासभर गप्पा मारत बसलं की घामोळं आणि जांघेत नायटा ठरलेला. वजनात जेवढी घट दिसली त्याच्या दीडपट पाणी पुढच्या दोन-तीन तासांत हळूहळू प्या, ८०० ग्रॅम घटले असतील तर सव्वा लिटरच्या आसपास. दुपारपर्यंत लघवीचा रंग लिंबू सरबतासारखा फिका असायला हवा. गडद असेल, जळजळ होत असेल, आपण ज्याला उन्हाळी लागली म्हणतो तसं झालं असेल, तर पाणी कमी पडलंय. दुसऱ्या दिवशी सुट्टी घ्या. दोन दिवसांत जळजळ थांबली नाही तर डॉक्टरांकडे जा. आणि लघवी चहासारखी तपकिरी दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

सायकलने कामावर जाणाऱ्यांसाठी

मी नेरुळहून महापेला सायकलने जाते, त्यामुळे हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. सकाळची पाळी असेल तर जमतं. नऊ-साडेनऊचं ऑफिस असेल तर पहाटेच्या गारव्यात निघता येत नाही, मग अंतर सहा-सात किलोमीटरपर्यंतच असावं आणि वेग चालण्याच्या जरा वर. पंधरा मिनिटं आधी पोहोचा. घाम पोहोचल्यानंतरही दहा मिनिटं येत राहतो, लगेच शर्ट बदलला तर तोही भिजतो. आधी पंख्याखाली बसा, ओल्या नॅपकिनने अंग पुसा, मग कपडे बदला. आठवड्याचे शर्ट सोमवारी बसने येताना एकदम आणून ऑफिसात ठेवते मी. परतताना सहाला न निघता सातला. दुपारी काही कारणाने लवकर सुटलात तर सायकल तिथेच ठेवा आणि बस किंवा लोकलने घरी या. सायकल उद्याही तिथेच असेल.

पाऊस सुरू झाला की ही सगळी काळजी मागे पडते. पण जून ते सप्टेंबर ज्यांची सायकल घरातच उभी असते, त्यांनी ऑक्टोबरमध्ये विशेष जपावं. पाऊस सरल्यावरचा तो उकाडा मेइतकाच वाईट असतो, आणि एप्रिल-मेमध्ये कमावलेली सवय दोन-तीन आठवड्यांच्या खंडात गेलेली असते. तेव्हा पुन्हा २० मिनिटांपासून, पुन्हा सपाट रस्त्यावर, पुन्हा चौदा दिवस.